धनेशिणीला घास कोणी भरवला?

मी ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. अंगात येणं, बाधा होणं, कोणीतरी दिसणं... यातल्या कशावर माझा कधी विश्वास नव्हता, आणि खरं सांगायचं तर आजही नाही. तुम्ही सगळे इथे लिहिता ते अनुभव मी आवडीने वाचते, पण वाचता वाचता मनात दुरुस्त्या करत असते — इथे भास झाला असेल, इथे ऐकण्यात चूक झाली असेल. माझा अनुभवही तुम्ही तसाच वाचा, माझी हरकत नाही. फक्त घाबरायच्या तयारीने वाचू नका. आमच्या घरात ही गोष्ट निघाली की सगळ्यांचे चेहरे खुलतात.

आमचं घर वर्ध्याला लागून, पिपरी मेघेत. लेआउटच्या अगदी टोकाचा प्लॉट. मागच्या कंपाउंडपलीकडे तुरीचं शेत, त्यापलीकडे नाला. त्यामुळे मागची बाग आमची कमी आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांची जास्त. मुंगसाचं जोडपं पिलांना घेऊन येतं, भारद्वाज कुंपणावरून ऐटीत चालतो, एकदा तर घोरपड नळाखाली पाणी पीत बसली होती. मला फोटोंचा नाद आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीत माझा कॅमेरा कायम स्टँडवर लावलेला असतो, आणि त्यापायी कितीदा भाजी करपली याचा हिशेब सासूबाईंकडे आहे. आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला ह्यांनी मला ट्रॅप कॅमेरा घेऊन दिला. समोर काही हललं की तो आपोआप लागोपाठ तीन फोटो घेतो आणि मग एक छोटा व्हिडिओ, आवाजासकट.

बागेच्या मधोमध जुना कडुनिंब आहे. त्याच्या खोडात, गच्चीच्या कठड्याच्या उंचीला, एक ढोली आहे. उन्हाळा लागायच्या सुमारास राखी धनेशाच्या जोडीने ती ढोली पसंत केली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. धनेशाची मादी ढोलीत शिरते आणि आतून तोंड लिंपून घेते, चोच बाहेर येईल एवढी उभी फट तेवढी ठेवते. आत अंडी घालते, तिची पिसंही झडतात. उडता येत नाही. बाहेरून नर फळं आणतो आणि त्या फटीतून एकेक घास भरवतो. पिलं जरा मोठी होईपर्यंत तिचं पोट त्या एका नरावर.

नेमका हाच निंब त्या वर्षी तोडायचा होता. माझे दीर प्रवीण भाऊजी आर्वीच्या शाळेत शिक्षक, राहायला आमच्याकडेच. त्यांचं लग्न जमलं होतं, मागे दोन खोल्या काढायच्या होत्या आणि झाड बरोबर आड येत होतं. मिस्त्रीशी बोलणंही झालेलं. मी भाऊजींना गच्चीवर नेलं आणि लिंपलेली ढोली दाखवली. पिलं उडेपर्यंत थांबा, असं मी म्हटलं. ते चिडले. पक्ष्याच्या बाळंतपणासाठी आम्ही आमचं लग्न पुढे ढकलायचं का, असं बरंच काही बोलले. ह्यांनी मध्यस्थी केली आणि शेवटी जूनपर्यंत थांबायचं ठरलं. भाऊजी महिनाभर माझ्याशी कामापुरतंच बोलत होते.

मी ट्रॅप कॅमेरा गच्चीच्या कठड्यावर ढोलीकडे तोंड करून बांधला. काय फोटो मिळाले म्हणून सांगू! नर यायचा, खोडाला ढोलीच्या डाव्या बाजूला नखं रोवून लटकायचा आणि गळ्यातून एकामागून एक उंबरं काढून आत द्यायचा. त्याच्या चोचीवरच्या शिंगाला पुढच्या बाजूने एक टवका उडालेला होता, त्यामुळे तो लांबूनही ओळखू यायचा. मे महिन्यात आतून पिलांची चिरचिर ऐकू येऊ लागली. सासूबाई निंबाखाली धान्य निवडत बसायच्या आणि मला विचारायच्या, "तुही बाळंतीण काय म्हणते वो?"

आणि मग एका दुपारी, ऊन नुसतं भाजून काढत असताना, तो नर मला कंपाउंडच्या भिंतीशी पडलेला सापडला.

उन्हाने गेला की तारेला लागून, कळलं नाही. मी त्याला उचललं तेव्हा तो कडक झाला होता. शिंगावरचा टवका तोच. तरी मी घरात जाऊन फोटोशी ताडून पाहिलं, कारण मला ते खरं मानायचं नव्हतं. डाव्या पंखातलं अर्धवट तुटलेलं पीससुद्धा तेच. निंबाच्या झाडाशी खड्डा करून ह्यांनी आणि मी त्याला पुरलं. हे एवढ्यासाठी सविस्तर सांगते आहे, की तुमच्यापैकी कोणीतरी विचारणारच — तो दुसराच कोणी नसेल कशावरून?

मी ढोले सरांना फोन केला. सर आर्वीचे, आयुष्यभर पक्षी पाहण्यात गेलं. त्यांनी बजावलं की लिंपण अजिबात फोडू नका, मादीला उडता येत नाही, फोडलंत तर सगळीच जातील. क्वचित दुसरा नर येऊन भरवतो, वाट पाहा. मग म्हणाले, "फार आशा मात्र धरू नका, मॅडम."

त्या संध्याकाळी मी बाजारातून पपई आणली, नाल्याकाठची उंबरं वेचून आणली आणि बांबूला बांधून फटीशी धरली. तिने चोच मारून सगळं खाली पाडलं. दुसऱ्या दिवशीही तेच. पिलांचा आवाज बारीक होत चालला होता. मी स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून रडत होते तेव्हा भाऊजी पाणी प्यायला आले. त्यांनी अबोला मोडला, पण बोलले ते असं — "वहिनी, आता तसंही ते वाचत नाई. मिस्त्रीले बोलावून घेऊ काय?"

वाईट हेतूने नव्हते बोलले. उत्तर दिलं सासूबाईंनी. त्या कांदा चिरत होत्या, मान वरही न करता म्हणाल्या, "काऊन घाई करून राह्यला? लेकरं हायेत ना आतमंदी. तो येईल."

"आई, त्याले पुरलं ना आम्ही," हे म्हणाले.

"मले माहीत हाये," त्या म्हणाल्या आणि कांदा चिरत राहिल्या.

मी त्याकडे लक्ष दिलं नाही. त्यांचं वय झालंय, एवढंच मनात आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा करताना पिलांची चिरचिर ऐकू आली. चांगली खणखणीत. मी गॅस तसाच ठेवून गच्चीवर धावले. ढोलीखालच्या खोडावर ताजी विष्ठा होती आणि तिच्यात उंबराच्या बिया. कोणीतरी भरवलं होतं. मला इतका आनंद झाला की मी कठड्यावर हात आपटले. दुसरा नर आला! कॅमेऱ्यातून कार्ड काढलं, लॅपटॉपला लावलं आणि ह्यांना हाक मारली.

पहिला फोटो: फटीतून चोचीचं टोक बाहेर, चोच उघडी, रिकामी. दुसरा फोटो: त्याच चोचीत लालभडक उंबर. तिसरा: चोच आत गेलेली. तिन्ही फोटोंत पक्षी नाही. पंखाचं टोक नाही, शेपटी नाही, काही नाही... नुसतं खोड आणि सकाळचं ऊन.

हे म्हणाले, फोटोंच्या मधल्या क्षणी आला असेल. तसं होऊ शकतं. म्हणून मग व्हिडिओ लावला.

व्हिडिओत आधी आवाज येतो. धनेशाची घारीसारखी लांब शीळ, अगदी जवळून. मग पंखांची फडफड. मग ढोलीच्या डाव्या बाजूला, जिथे तो लटकायचा त्याच जागी, सालीवर नखं घासल्याचा आवाज. आणि सालीचा भुगा खाली पडताना दिसतो. स्वच्छ दिसतो, कण न् कण. साल खरवडणारा मात्र दिसत नाही. चोच बाहेर येते. तिच्यात उंबर दिसतं. कुठून आलं ते दिसत नाही. चोच आत जाते, पुन्हा बाहेर येते, पुन्हा उंबर.

ह्यांनी तो व्हिडिओ बंद केला, लॅपटॉप मिटला आणि म्हणाले, "कॅमेरा खराब झाला." मग स्वतःच म्हणाले, "पण आवाज?"

आम्ही काय काय करून पाहिलं! गरम हवेने असे कॅमेरे उगाच चालू होतात, हे मला ठाऊक होतं, म्हणून जागा बदलली. कार्ड बदललं. माझा मोठा कॅमेरा स्टँडवर लावून सलग व्हिडिओ घेतला. सगळ्यांत तेच. भाऊजींना वाटलं, मी फोटोंत काहीतरी कारागिरी करते आहे, झाड वाचवायला. त्यांनी तसं तोंडावर सांगितलं. मी म्हटलं, चला माझ्यासोबत, स्वतः बघा.

डोक्याला ओला दुपट्टा बांधून आम्ही दोघं सकाळी गच्चीवर बसलो. ऊन चढायला लागलं. मग शीळ आली. भाऊजींनी मान वर केली, निंबाच्या फांद्यांत शोधू लागले. पानं हलली. नखांचा आवाज झाला. आमच्यापासून चार-पाच हातांवर सालीचा भुगा झडला आणि वाऱ्याने त्यातला थोडा भाऊजींच्या शर्टावर येऊन पडला. फटीतून चोच आली, आणि बघता बघता तिच्यात फळ होतं. मी डोळ्याची पापणी लवू दिली नव्हती. तरी ते फळ आलं कधी, हे मला सांगता येणार नाही.

भाऊजींनी शर्टावरचा भुगा बोटाने उचलला, वास घेतला. निंबाच्या सालीचा कडवट वास. मग अगदी हळू, वर्गात कोणी झोपलेलं असावं तसं म्हणाले, "वहिनी, मी आज मिस्त्रीले नाई सांगून टाकतो."

त्यानंतर घरात जे सुरू झालं त्याला उत्सवच म्हणावं लागेल. भाऊजी शाळेला सुट्टी असल्याने रोज सकाळी माझ्या आधी गच्चीवर. हे ऑफिसातून फोन करून विचारायचे, आला का? कोण आला, ते कोणी विचारत नव्हतं. सासूबाई निंबाखाली पाण्याचं पसरट भांडं भरून ठेवायच्या. कोणालाही भीती वाटली नाही, याचं मला आजही नवल वाटतं. उलट घरात कोणी आजारातून उठल्यासारखं वाटत होतं. ढोलीतली चिरचिर दिवसागणिक दणदणीत होत गेली.

एका सकाळी लिंपणाचा तुकडा टणकन खालच्या पाण्याच्या भांड्यावर पडला. आतून चोचीचे घाव चालू होते. आम्ही चौघं गच्चीवर जमलो. मादी डोकं काढून, मग एक पंख काढून, जोर लावून बाहेर आली. पिसं नवीन, चकचकीत. फांदीवर बसून तिने अंग झटकलं, शेपटी सारखी केली आणि शेतावरून थेट नाल्याकडे झेपावली. थोड्याच वेळात उंबर घेऊन परत आली. मी भराभर फोटो काढत होते आणि भाऊजी लहान मुलासारखे टाळ्या वाजवत होते.

त्या दिवसापासून कॅमेऱ्यात एकही रिकामा फोटो आला नाही. जितके आले, त्या प्रत्येकात ती होती. शीळही नंतर कधी ऐकू आली नाही... तिच्याशिवाय दुसऱ्या कोणाची.

पावसाच्या तोंडावर पिलं उडाली. दोन! पहिलं धडपडत सीताफळाच्या झाडावर पडलं आणि रागाने ओरडलं. दुसरं मात्र सरळ आमच्या डोक्यावरून गेलं. शेजारपाजारचे आपापल्या गच्चीवर उभे राहून पाहत होते. भाऊजींच्या खोल्या पुढे वरच्या मजल्यावर झाल्या. लग्नही झालं.

ढोले सर मुद्दाम येऊन गेले. त्यांनी सगळे व्हिडिओ पाहिले, काही दोनदा पाहिले. दुसरा नर असावा, असं मी सुचवून पाहिलं. ते म्हणाले, "शास्त्र तेच सांगतं. पण मॅडम, तो मला दिसला तर पाहिजे ना?" मग चहा घेऊन गेले.

मागच्या हिवाळ्यात वर्ध्यात स्थानिक छायाचित्रांचं एक प्रदर्शन भरलं. आपल्या परिसरातले जीव, असा विषय होता. मी ढोलीचे चार फोटो दिले. तीन सगळ्यांना लगेच कळले: लिंपण करणारी मादी, बाहेर येताना अडकलेला पंख, सीताफळावर चिडून बसलेलं पिलू. चौथा तो रिकामा. चोचीत उंबर, बाजूला झडणारा सालीचा भुगा, बाकी ऊन. खाली चिठ्ठीवर प्राण्याचं नाव लिहायचं होतं. माझा पेन बराच वेळ थांबला होता. मग मी लिहिलं: राखी धनेश, नर. घास भरवताना.

त्या फोटोला बक्षीस मिळालं. परीक्षकांना वाटलं मी काहीतरी कलात्मक म्हणते आहे.

दिवसभर लोक त्या फोटोसमोर थांबायचे, डोळे बारीक करून बघायचे आणि मला विचारायचे, "यात नर कुठे आहे?"

मी प्रत्येकाला खरं तेच सांगितलं — "मलाही दिसत नाही हो."