गाडीची वाकळ

तोंडात मेण लावलेला दोरा, उजव्या हातात दाभण, आणि दारात गिऱ्हाईक दिसलं की डावा पंजा वर. "उद्या." दातांत दोरा धरल्यामुळं त्यांना जास्त बोलता यायचं नाही, आणि एवढ्या एका शब्दावर भागत असल्यामुळं दोरा काढायची गरजही पडायची नाही. त्या काळी कोल्हापुरात ज्याच्याकडं जीप, टांगा, ट्रॅक्टर, अगदी नुसती फटफटी असेल, त्यानं तो पंजा पाहिलेला होता. तुमच्यापैकी कुणी तेव्हा शाहूपुरीतनं गेला असाल तर तुम्हीही पाहिला असेल.

नाव त्यांच्या पाटीवर होतं, पण पाटी कुणी वाचत नसे. सगळ्यांचे ते चाचा. गाड्यांच्या गाद्या, हूड, ताडपत्र्या, कव्हरं शिवणं हा त्यांचा धंदा.

माणूस आळशी नव्हता, आणि लबाड तर मुळीच नव्हता. त्यांची खोड एकच. जो समोर येऊन उभा राहील त्याचं काम ते आधी हातात घ्यायचे. चंदगडचा कुणी एसटीनं फाटकी ताडपत्री घेऊन आला की "पावणं लांबनं आल्यात" म्हणून गावातल्या माणसाचं काम बाजूला. गावातला येऊन उभा राहिला की चंदगडचं बाजूला. असं करत साऱ्या जिल्ह्याचं काम उद्यावर गेलेलं असायचं. गंमत म्हणजे कुणी रागवत नसे. उद्याची वाट बघायच्या निमित्तानं चार माणसं त्यांच्या बाकावर बसलेली असायची, चहा यायचा, कुठल्या तालमीचा कोण पैलवान तयार झालाय त्याची चर्चा व्हायची. काम हातात पडलं की उलट चुकल्यासारखं वाटायचं.

माझे वडील, आप्पा, डॉक्टर होते. मंगळवार पेठेत घर आणि घराखालीच दवाखाना. व्हिजिटला सायकलवरून जायचे. गाडीसाठी नंबर लावला तेव्हा मी शाळेत होते आणि गाडी आली तेव्हा कॉलेजात. फिकट आकाशी रंग. आईनं कुंकू लावलं, नारळ फोडला, आणि आम्ही सगळे तिच्यातनं नृसिंहवाडीला जाऊन आलो. येताना आणलेली कवठाची बर्फी गल्लीत वाटून संपली तरी गाडीभोवतीची गर्दी हलेना. आप्पा मधूनच दवाखान्यातून उठून बाहेर यायचे, टपावरून हात फिरवायचे आणि परत आत जायचे. तोवर पेशंट बिचारा नाडी दाखवायला हात पुढं करून बसलेला.

गाडी ठेवायला जागा नव्हती, ती दारात गल्लीतच उभी असायची. म्हणून चाचांकडं कव्हर शिवायला टाकलं. मग काय व्हायचं ते झालं. आप्पांनी निरोप धाडावा आणि "उद्या" घेऊन निरोप्या परत यावा.

उन्हाळ्याचे दिवस होते. कॉलेजातून येताना मी दुकानात डोकावले. शिरोळचा एक बागाईतदार ट्रॅक्टरची सीट घेऊन समोर उभा होता, म्हणजे चाचांच्या हातात काय असणार ते उघडच होतं. आमचं कव्हर कोपऱ्यात घडी करून ठेवलेलं. मला बघून पंजा वर गेला. मी हटले नाही तेव्हा त्यांनी दोरा काढला.

"झालंय की, बेटी. दोरी ओवायची तेवढी ऱ्हायलीया. उद्या ने."

"चाचा, कालपण हेच म्हणालात."

"काल कुटं दोरीपतूर आल्तो?" ते म्हणाले. बाकावरची माणसं हसली, मीही हसत घरी आले.

त्याच दिवशी चार वाजायच्या सुमाराला आभाळ पूर्वेकडनं काळं होत आलं. वळीव येणार हे सगळ्यांना दिसत होतं. आधी वारा सुटला, मग कौलांवर टणाटण काहीतरी आपटायला लागलं. पोरं गारा वेचायला पातेली घेऊन धावली आणि डोक्यावर हात घेऊन तशीच ओरडत परत आली. साधे खडे नव्हते ते, लिंबाएवढ्या गारा होत्या. आप्पा अंथरुणातली वाकळ ओढून बाहेर निघाले. वाकळ म्हणजे आपली गोधडी. आईनं त्यांचा हात धरून त्यांना उंबऱ्याच्या आत ओढलं. दारात उभं राहून आम्ही बघत होतो. नव्या पत्र्याचा आवाज ऐकवत नव्हता. प्रत्येक आवाजाला आप्पांचे डोळे मिटत होते.

गारा कमी व्हायला लागल्या तेव्हा गल्लीच्या तोंडाशी सायकल दिसली. कॅरिअरवर आमचं कव्हर बांधलेलं, दोरी न ओवलेलं. चाचा नखशिखांत भिजलेले आणि कपाळावरून रक्त येतंय. शाहूपुरीपासून ते तसेच आले होते. कॅरिअरवरचं कव्हर डोक्यावर घ्यावं एवढंही त्यांना सुचलं नव्हतं, किंवा सुचूनही घेतलं नसेल. आल्या आल्या त्यांनी कव्हर सोडलं आणि पोचे पडलेल्या गाडीवर घालायला लागले.

"आता कशाला हो?" आई म्हणाली.

त्यांनी ऐकलं नाही. चारी कोपरे नीट ओढून बसवले, मगच आप्पा त्यांना दवाखान्यात घेऊन गेले.

जखम खोल होती. आप्पांनी सुई हातात घेतली आणि त्यांच्या नेहमीच्या सवयीनं चेष्टा केली. पेशंटला टोचताना ते नेहमीच काहीतरी बोलायचे.

"काय चाचा, टाका आज घालू, का उद्या या म्हणू?"

कंपाउंडर हसला. मी आणि आईही हसलो. एवढ्या हौसेची गाडी चेपून गेलेली असताना हा माणूस चेष्टा करतोय याचं मला कौतुकच वाटलं. चाचा मात्र हसले नाहीत. टाका घालून होईपर्यंत ते छताकडं बघत होते. मग उठून म्हणाले, "डाक्टर, शिव्या द्या की."

"शिव्या कशाला? कापडानं कुठं गारा थांबतात?"

"थांबल्या नसत्या. ठावं हाय मला. पर माजं काम तरी गाडीवर असतं."

आप्पांनी त्यांना परत खाली बसवलं आणि कपाळाला पट्टी बांधली.

दुसऱ्या दिवशी पाऊस उघडल्यावर गाडी बघायला लोक आले. "डाक्टर, गाडीला देवी आल्या की हो!" असं एकजण म्हणाला, आणि आप्पाही हसले. त्यांना गाडी तशीच ठेवायची होती. चालतेय ना, मग झालं. चाचा मात्र सकाळीच डेंटिंगवाल्याला घेऊन दारात हजर. टपाचे पोचे आतून ठोकायचे तर आतलं कापड उतरवावं लागतं, ते त्यांनी स्वतः उतरवलं. ठोकाठोकी चालली होती तितके दिवस ते दुकान सोडून तिथं बसून होते. मग गाडीत आडवे होऊन, तोंडात बारीक खिळे धरून त्यांनी ते कापड परत ताणून बसवलं. टप आणि बॉनेट नव्यानं रंगवलं, पण मूळचा आकाशी काही मिळाला नाही. उन्हात गाडी दोन रंगांची दिसायची. चाचा आले की त्यांची नजर नेमकी त्या रंगावर जायची.

आणि मग गाडीची वाकळ. वर जाड कॅनव्हास, आत जुन्या साड्यांचे आणि पोत्यांचे थरावर थर, आणि सगळ्यांतून दाभणानं घातलेले लांब लांब टाके. त्यांनी आणि चाचींनी घराच्या अंगणात बसून ती शिवली. माझ्या आईनं दोन लुगडी दिली, गल्लीतल्या बायकांनीही जुनेर दिलं. ती हातगाडीवर घालून आणली तेव्हा सगळी गल्ली दारात आली. घालायला दोघं आणि काढायला तिघं लागायचे. व्हिजिटची घाई असली की आप्पा त्या वाकळीकडं बघायचे आणि मुकाट्यानं सायकल काढायचे.

"डाक्टर, गाडीला थंडी वाजती काय?" लोक विचारायचे.

हसण्यासारखंच होतं ते. पण शाहूपुरीत जे झालं होतं ते हसण्यासारखं नव्हतं. पंजा वर जायचा बंद झाला. "उद्या" हा शब्द चाचांनी पुन्हा उच्चारला नाही. हातात घेतलेलं काम त्याच दिवशी पुरं करायचं, नाहीतर "न्हाय जमणार" म्हणून समोर उभ्या असलेल्या माणसाला सरळ परत पाठवायचं. चंदगडचे पावणेही परत जायला लागले. वाट बघायचं कारणच उरलं नाही, तशी बाकावरची माणसं कमी होत गेली. दुकान चोख चालत होतं आणि आत गेलं की उदास वाटत होतं.

आप्पांना हे फार लागलं. एकदा त्यांनी मुद्दाम दवाखान्यातल्या बाकाची गादी त्यांच्याकडं दिली. "काही घाई नाही चाचा. उद्या दिलीत, परवा दिलीत तरी चालेल." दिवेलागणीला गादी शिवून दारात आली. चाचा गेल्यावर आप्पा त्या नव्या गादीवर बराच वेळ बसले. "गारांनी गाडी चेपली," ते आईला म्हणाले, "आणि मी या माणसाला चेपला."

आई म्हणाली, "तुम्ही चेष्टा केलीत, एवढंच."

"तेच तर," आप्पा म्हणाले.

वळवाचे दिवस आले की चाचा आमच्याकडं यायला लागले. आभाळ भरलं की दुकानाची फळी लावायची आणि सायकलवर बसायचं. "वाकळ घातली न्हवं?" असं विचारत गल्लीत शिरायचे, कोपरे ओढून बघायचे आणि आमच्या पायरीवर बसायचे. बाकी सारं कोल्हापूर गारा पडू नयेत म्हणून आभाळाकडं बघायचं. पडाव्यात म्हणून बघणारे चाचा एकटेच.

"आज येणार बघा."

"पाऊस?" आई चहा देत विचारायची.

"गारा."

पाऊस यायचा, धो धो यायचा, पण गारा नाहीत. शिरोळला पडल्या म्हणून कळायचं, कागलकडं पडल्या म्हणून कळायचं. एका वर्षी तर खुद्द शाहूपुरीत पडल्या आणि चाचा रागानं लाल होऊन आमच्याकडं आले. "माज्या पत्र्यावर पडल्या, डाक्टर! आन हितं एक न्हाय!" आम्ही हसलो, तेव्हा तेही थोडेसे हसले. त्या टाक्यानंतर मी त्यांना हसताना पाहिलं ते तेवढंच.

आप्पा म्हणाले, "चाचा, तुमचं काम आम्हाला पसंत आहे. त्याला गारांची साक्ष कशाला?"

"तुमाला पसंत हाय, ते मला ठावं हाय," चाचा म्हणाले. "मला बघायचं हाय."

त्यांना ते बघायला मिळालं नाही. पुढं त्यांना दम्यानं धरलं. आप्पाच औषध देत होते. शेवटी शेवटी सायकल चालवता येईना, तेव्हा वळवाच्या दिवसांत टांग्यानं यायचे. एका थंडीत ते गेले. आप्पा कब्रस्तानात जाऊन माती देऊन आले आणि त्या दिवशी दवाखाना बंद ठेवला.

नंतरच्याच उन्हाळ्यात मी माहेरी आले होते. माझं लग्न होऊन मी सांगलीला गेले होते. गाडी आता जुनी झाली होती, आप्पाही थकले होते, पण वाकळ रोज घातली जायची. दुपार कलल्यावर वारा सुटला, आभाळ काळं झालं, आणि आमच्या गल्लीत गारा पडल्या. चांगल्या आवळ्याएवढ्या. कौलांवर तोच जुना आवाज. मी आप्पांकडं बघितलं. ते दारात उभे होते आणि डोळे उघडे होते. गाडीवरून आवाज येत नव्हता. ओलं अंथरूण काठीनं झोडपावं तसं नुसतं धप धप होत होतं.

थांबल्यावर आम्ही बाहेर गेलो. वाकळीच्या टाक्याटाक्यांमधल्या खळग्यांत गारा साचल्या होत्या. आप्पांनी एक कोपरा उचलला आणि टपावरून हात फिरवला, गाडी नवी असताना फिरवायचे तसा. मग बॉनेटवरून. कुठंही काही नाही.

त्यांनी आईला हाक मारून पितळेचा डबा मागितला आणि त्या खळग्यांतल्या गारा ओंजळीनं त्यात भरायला लागले.

"आप्पा, चाचींकडं ना? उद्या जाऊ," मी म्हणाले. "रस्त्यात पाणी झालंय."

"आजच," आप्पा म्हणाले. त्यांचा आवाज इतका कडक मी कधी ऐकला नव्हता.

आम्ही दोघं चालत गेलो. गाडी काढायची म्हणजे वाकळ काढावी लागली असती, आणि ती काढायला ते तयार नव्हते. रस्त्यानं पोरं गारा चोखत होती. आप्पांनी डबा छातीशी धरला होता आणि हात लावू देत नव्हते. चाचींच्या दारात पोचेपर्यंत ऊन पडलं होतं. त्या अंगणात भिजलेलं वाळवण गोळा करत होत्या. आप्पांना एवढं धापा टाकत आलेलं बघून घाबरल्या.

"काय झालं, डाक्टर?"

"गारा पडल्या, चाची. आमच्या दारात. वाकळीवर."

चाची उभ्याच राहिल्या. "आन गाडी?"

"एक पोचा नाही."

आप्पांनी डब्याचं झाकण काढून पुढं धरलं. आत नुसतं पाणी होतं. ते बघून आप्पा गोंधळले आणि डबा तिरका करून आत बघायला लागले. चाचींनी त्यांच्या हातातून डबा घेतला. पदर डोळ्यांना लावला आणि त्या पाण्याकडं बघत विचारलं, "मोठ्या व्हत्या?"

आवळ्याएवढ्या होत्या. मी स्वतः पाहिल्या होत्या. आप्पांनी अंगठा आणि बोट लांब ताणून चांगलं मोसंब्याएवढं माप दाखवलं, आणि मी मान डोलावली.