तबला पुढं गेला

नववीत असताना आमच्या पेटीच्या बाईंनी गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमात मला एकटीला वीस मिनिटं दिली. क्लासमधल्या बाकीच्या मुलांना पाच-पाच मिनिटं होती. आईनं लगेच गडहिंग्लजच्या मावशीला फोन लावला. मावशी, काका, त्यांच्या शेजारीणबाई, सगळे येणार असं ठरलं आणि त्या दिवसापासून मला धास्ती बसली. जेवण जाईना. शाळेत बाकावर बोटं फिरवताना दरदरून घाम यायचा. पण हे सांगणार कुणाला? आमच्या घरी ‘भीती वाटते’ म्हटलं की, ‘त्यात काय भ्यायचं? कोण खातंय व्हय तुला?’ एवढ्यावर विषय संपायचा.

क्लासला तबल्याची साथ करायला एक चाचा यायचे. साठीच्या पुढचे. मंगळवार पेठेत तबले, ढोलक्या दुरुस्त करायचं त्यांचं लहानसं दुकान होतं. दर रविवारी सकाळी ते सायकलवरून यायचे आणि आम्हा कच्च्या पोरांबरोबर दोन-दोन तास वाजवायचे. आमची लय कुठंही उधळली तरी ते तिच्या मागं जाऊन तिला परत जागेवर आणायचे. कार्यक्रमाच्या आधी पडद्यामागं त्यांनी माझे हात बघितले. मी ते सारखे रुमालाला पुसत होते. चाचा म्हणाले, “भिऊ नगंस. कुठं हरवलीस तर माझ्याकडं बघ. समेवर मी जोरात थाप मारतो. तिथनं धर.”

सुरुवात बरी झाली. डोळे मिटून वाजवत होते तोवर सगळं ठीक होतं. मग डोळे उघडले आणि दुसऱ्या रांगेत मावशी मोबाइल वर धरून माझं शूटिंग करताना दिसली. ज्या तानेचा मी महिनाभर रियाज केला होता ती तान मध्येच तुटली. बोटं कुठल्या पट्टीवर आहेत ते कळेना. समेची जागा गेली. चाचांनी ठेका तसाच चालू ठेवला. एक आवर्तन गेलं, दुसरं गेलं. दर समेला त्यांनी जोरात थाप दिली, मान हलवून खूण केली. मला सगळं ऐकू येत होतं, फक्त हात उचलत नव्हता. शेवटी भात्यावरचा हातही थांबला.

समोर बाई बसल्या होत्या. त्यांच्याकडं बघून मी म्हणाले, “बाई, तबला पुढं गेला.”

पेटीसमोर माईक होता. अख्ख्या हॉलनं ते ऐकलं.

चाचांचा हात तबल्यावर तसाच राहिला. माझ्याकडं त्यांनी एकदाच बघितलं. मग लोकांकडं वळून म्हणाले, “व्हय, माझंच चुकलं. पोरीला परत सुरू करू द्या.”

आणि दुसऱ्यांदा मी चांगलं वाजवलं. अगदी चांगलं. टाळ्या थांबेनात. दोष दुसऱ्याच्या माथी मारल्यावर माझी भीती पळून गेली होती, हे आजही लिहिताना कसंतरी होतं. बाहेर आल्यावर काका म्हणाले, “तबलजी चुकला, पण आमची पोरगी डगमगली न्हाय की!” मी हसले. चाचा सायकलीला तबल्याची पिशवी बांधत चार पावलांवर उभे होते.

पुढच्या रविवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. बाईंनी मोबाइलवर तबल्याचं ॲप घेतलं आणि छोट्या स्पीकरला जोडलं. ते काही कुणासाठी थांबत नाही. तिसऱ्या रविवारी त्याच तानेला मी पुन्हा घसरले आणि स्पीकर आपला पुढं वाजत राहिला. बाईंनी तो बंद केला. बाकीची मुलं गेल्यावर शांतपणे म्हणाल्या, “आता मोबाइलसुद्धा पुढं गेला का गं?”

मला रडू फुटलं. “बाई, त्या दिवशी चाचा चुकले नव्हते. मीच चुकले होते. खोटं बोलले.”

“ठाऊक आहे मला.”

मी डोळे पुसले. बाई पेटीचा भाता लावत म्हणाल्या, “तीस वर्षं शिकवतेय. लय कुणाची गेली ते मला कळणार नाही? हॉल भरलेला होता, तू माझी विद्यार्थिनी. गप्प बसले.” मग त्यांनी चप्पल घातली. “चल.”

चाचा दुकानात ढोलकीची चामड्याची वादी ओढत होते. गणपती जवळ आले होते, दाराशी ढोलक्यांचा ढीग होता. त्यांनी आम्हाला स्टुलावर बसवलं, चहा सांगितला. मी त्यांच्या पाया पडायला वाकले तर त्यांनी पाय मागं घेतले.

“चाचा, मी खोटं बोलले. माफ करा.”

“तुझं काय न्हाय पोरी. तू भ्यालीवतीस. तुला सावरायचं म्हणून मी ‘चुकलं’ म्हणालो.” मग ते बाईंकडं वळले. “पर बाई, तुम्ही बी त्ये खरं धरून बसलासा. कार्यक्रम झाल्यावर एक शब्द बोलला न्हाईसा.”

बाई खाली बघत म्हणाल्या, “माझी चूक झाली. येत्या रविवारी या. सगळ्या मुलांसमोर सांगते मी.”

“तुम्ही सांगा. पर मी येणार न्हाय.”

“राग आहे का?”

“राग न्हाय. पर वाजवताना आता मनात येतंय, उद्या कुणीबी बोट दाखवील. असं मनात घेऊन हात चालत न्हाय.”

चहा पिऊन आम्ही निघालो. रविवारी बाईंनी खरंच सगळ्या मुलांसमोर सांगितलं, आधी स्वतःचं आणि मग माझं. मी मान खाली घालून उभी होते. मी घरीही सांगितलं. आई म्हणाली, “मावशीला नको सांगूस.” मावशीनं पहिलं शूटिंग पुसून टाकलं, तिच्या मोबाइलमध्ये फक्त दुसऱ्या वेळचं वाजवणं आहे. पाहुण्यांत ते अजून दाखवलं जातं.

मी पेटी सोडली नाही. दोन परीक्षा दिल्या, तीन-चारदा लोकांसमोर वाजवलंही. दर वेळी भ्याले, दोनदा चुकलेसुद्धा. त्या दिवशी खोटं बोलले ते कोवळ्या वयातल्या भीतीनं असं म्हणून मी स्वतःला माफ करून बघितलं. ते जमत नाही. भीतीनं हात थांबला होता. तोंड मी उघडलं होतं.

बाईंच्या क्लासचे तबले आजही चाचांकडंच दुरुस्तीला जातात. वर्षातून एकदा ते द्यायला मीच जाते. चाचा तबला कानाशी धरतात, बोटानं वाजवून बघतात आणि कधी न्यायला यायचं ते सांगतात. मी अजून वाजवते का, असं त्यांनी कधी विचारलेलं नाही. मीही आपणहून कधी सांगितलेलं नाही.