दादाच्या गियरबॉक्समधलं तेल

दादाची गाडी कशी कामातून गेली, याची आमच्या घरात एक ठरलेली गोष्ट आहे. पुण्याहून कुणी पाहुणे आले की बाबा ती सांगतात, आई मान हलवते, आणि शेवटचं वाक्य दादा स्वतःच हसत पुरं करतो. ती गोष्ट खरी नाही. हे आजवर एकट्या मलाच माहीत होतं. आता तुम्हाला सांगते आहे — का, ते मलाही नीट सांगता येणार नाही.

कुठून सुरू करू? तेलापासूनच करते.

दादाने ती गाडी सेकंडहँड घेतली होती. बुटकी, निळी, पळायला वेडी. तिला क्लचचं पेडल नव्हतं, पण आत दोन क्लच होते. एका क्लचवर गाडी धावत असताना दुसरा पुढचा गियर तयार धरून बसलेला. म्हणून गियर कधी बदलला ते कळायचंही नाही. हे दोन्ही क्लच तेलात बुडालेले असतात, आणि ते तेल नुसतं गुळगुळीत असून भागत नाही. त्यात क्लचची पकडही टिकायला हवी. साध्या ऑटोमॅटिक गाडीचं तेल तिथे चालत नाही, पकड सुटते आणि क्लच घसरत घसरत जळतात.

हे मला नंतर कळलं असं तुम्हाला वाटेल. नाही. हे मला तेव्हाच माहीत होतं.

आमच्या घरात बारीक अक्षर वाचणं हे माझं काम. बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत दिल्लीला आले, आम्ही आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये वाढलो. दादा जवळच्या सरकारी शाळेत गेला. माझ्या वेळेपर्यंत बाबांना प्रमोशन मिळालं होतं, म्हणून मला इंग्रजी शाळेत घातलं. तेव्हापासून औषधाच्या खोक्यातला कागद, पुढे दिल्लीतच द्वारकेला राहायला गेल्यावर सोसायटीची नोटीस, मिक्सरची वॉरंटी — सगळं माझ्यापुढे. दादाला इंग्रजी येत नाही असं मुळीच नाही, गुरुग्रामच्या ऑफिसात दिवसभर तो तेच बोलतो. पण घरी आला की, “मनू, बघ गं जरा काय लिहिलंय.” वाचून दाखवायला मला नेहमी हाक मारायचे. तुला काय वाटतं, हे विचारायला? ते जाऊ द्या.

हे सगळं घडलं त्या वर्षी ग्रेटर नोएडाच्या रेसिंग ट्रॅकवर हौशी चालकांचा एक दिवस ठरला होता. एका लहानशा टीमला एक ड्रायव्हर हवा होता आणि त्या दिवशी ते निवड करणार होते. दादाला ती जागा हवी होती. त्याने स्वतःसाठी असं काही मागितलेलं मी कधी पाहिलं नव्हतं — शाळा, नोकरी, सगळं बाबांनी सांगितलं तसं केलं त्याने. ही एकच गोष्ट त्याची स्वतःची. त्याआधी गियरबॉक्सचं तेल बदलायचं होतं. इकडे जाणते लोक गॅरेजवाल्याच्या डब्यावर विश्वास ठेवत नाहीत, नकली निघेल म्हणून. तेल स्वतः मागवायचं, स्वतः न्यायचं. मेकॅनिक फक्त घालून देतो. डब्यात काय आहे, ते आणणाऱ्याने बघायचं.

आणणारी मी होते.

त्याने मला भरपूर आधी सांगितलं होतं. मॅन्युअल माझ्या टेबलावर आणून ठेवलं होतं. मी त्याच दिवशी वाचलं, योग्य तेल कुठलं तेही शोधलं. मागवलं मात्र नाही. विसरले, असं मी स्वतःला कितीतरी दिवस सांगत होते. खरं असं की त्याच संध्याकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये तो मित्रांना म्हणाला होता, “अरे यार, मनू को पूरी गाड़ी ज़बानी याद है. बस स्टिअरिंग दिखा दो, रो देगी.” सगळे हसले. मीही हसले. मला गाडी शिकव, असं मी त्याआधी दोनदा त्याला म्हटलं होतं — हळू म्हटलं होतं, मी सगळंच हळू म्हणते. त्याला आठवतही नसेल.

एवढ्यावरून? हो, एवढ्यावरून. रोज वाटायचं, उद्या मागवू. थांबू दे त्याला जरा. मग तो दिवस अगदी तोंडावर आला तेव्हा मी मागवायला बसले, तर ते तेल ट्रॅकच्या दिवसानंतरच पोचणार होतं. दुसरं एक होतं, दुसऱ्या दिवशी सकाळी येणारं. डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं — सर्व ऑटोमॅटिक गाड्यांसाठी. दादाला जाऊन एवढंच सांगायचं होतं की माझ्याकडून राहिलं. तो चिडला असता, कुठूनतरी धावाधाव करून मिळवलंही असतं. मी ते दुसरं मागवलं.

डबा आल्यावर मागची बाजू वाचली. तेलात बुडालेल्या ड्युअल क्लचसाठी वापरू नये, असं तिथे स्पष्ट लिहिलं होतं. मी ते दोनदा वाचलं.

द्वारकेतल्या गॅरेजमध्ये गाडी वर चढवलेली, जुनं तेल काढून टाकलेलं. आजूबाजूला सगळे पुरुष, सगळे मोठ्याने बोलणारे. मी डबा पोटाशी धरून उभी.

“वाचलंस ना नीट?” दादाने विचारलं.

“हो.”

“मॅन्युअलशी ताडून?”

“हो रे दादा, किती विचारशील!”

मेकॅनिकने डबा हातात घेतला. “भैया, यही डालना है?”

“मॅडम ने पास कर दिया है, उस्ताद. बेधड़क डालो.” आणि दादाने माझ्या डोक्यावर टपली मारली. तो इतका खूश होता.

तेल लाल होतं. आत जाताना मी पाहिलं. तेव्हाही थांबवता आलं असतं. फक्त ‘थांबा’ म्हणायचं होतं. काहीच होणार नाही, एका दिवसात काय होतंय — असं मनात म्हणत राहिले. आणि मनाच्या अजून एका कोपऱ्यात — होऊ दे की काहीतरी, असंही होतं. ते मी आज प्रथमच लिहिते आहे.

ट्रॅकवर सुरुवातीच्या फेऱ्या छान गेल्या म्हणे. मग इंजिन ओरडायचं आणि गाडी पुढे जायची नाही. जळका वास. दादा ट्रॅकच्या कडेला उभा राहिला आणि टीमने दुसऱ्या कुणाला तरी घेतलं. गाडी टोइंगच्या ट्रकवर चढून घरी आली.

जेवताना बाबा भडकले. “गाडी आहे का बैल? मारून मारून पळवायची? मी घेतानाच सांगितलं होतं!”

दादा म्हणाला, “बाबा, पण तेल आत्ताच बदललं होतं.”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. “काय गं, तेल बरोबर होतं ना?”

आता पाहा, इथे मी गप्प बसले असते तरी ते एक वेळ भित्रेपण ठरलं असतं. मी भित्री आहेच. पण मी गप्प बसले नाही. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “तेल मॅन्युअलप्रमाणेच होतं. दादा सिग्नलला गाडी झटक्यात काढतो ना, त्याने जळतात क्लच. मी वाचलंय.”

मी वाचलंय! आमच्या घरात या वाक्यापुढे कुणी बोलत नाही.

दादा माझ्याकडे बघत राहिला. रागाने नाही. तो खरंच आठवत होता — कुठल्या सिग्नलला, किती वेळा. मग म्हणाला, “असेल. मीच जास्त ताणली असेल.” गॅरेजवाल्याने गियरबॉक्स उघडून प्लेट्स जळल्यात असं सांगितलं, तेव्हा ‘कशाने’ हे कुणी विचारलंच नाही. ते तर ठरलेलं होतं. रिकामा डबा मी आधीच सोसायटीच्या कचऱ्यात टाकून आले होते.

गाडी होती त्या अवस्थेत विकली. दादा पुन्हा ट्रॅकवर गेला नाही. मित्रांनी बोलावलं तरी म्हणायचा, “नाही रे, माझा हातच जड आहे.” चांगल्या चालकाला हे वाक्य स्वतःबद्दल खरं वाटायला लागलं, आणि ते त्याला मी दिलेलं होतं.

मी लाजाळू होते, लहान होते, दुखावले होते — यातलं काही मला पुढे करायचं नाही. नोकरी लागली तेव्हा मी लहान नव्हते. दादाचं लग्न झालं तेव्हाही नव्हते. दर वेळी सांगता आलं असतं.

या हिवाळ्यात दादा मला गाडी शिकवतो आहे. त्याने आपण होऊन विचारलं. बाबांची जुनी छोटी गाडी आहे, रविवारी सकाळी द्वारकेतले रुंद रस्ते बरेचसे रिकामे असतात. तो फार सांभाळून शिकवतो, एकदाही ओरडलेला नाही. परवा एका सिग्नलला माझ्या हातून गाडी तिसऱ्यांदा बंद पडली आणि मागून हॉर्न वाजायला लागले, तेव्हा तो म्हणाला, “घाई नको करू. क्लच हळू सोड, मनू. एक गाडी मी माझ्या हाताने मारलीये, म्हणून सांगतो.”

मी आरशात पाहिलं, क्लच हळू सोडला आणि गाडी पुढे नेली.