बाहेर आल्याचा फोटो

नगरच्या आमच्या हॉस्पिटलात किरणोपचाराच्या खोलीबाहेर कॉम्प्युटर आणून ठेवायला लावला तो मी. हे मी आजही कुणी न विचारता सांगते. नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती. तो खरं तर केसपेपरच्या नोंदींसाठी आला होता, पण तिथल्या क्लार्कला त्याला हात लावायची भीती वाटायची, आणि माझा त्याच्यावर पहिल्या दिवसापासून डोळा होता.

मी तिथे टेक्निशियन होते. पेशंटला मशिनखाली नीट झोपवायचं, मशीन लावायचं, हे माझं काम. तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरचे पेशंट सगळ्यात जास्त घाबरायचे, कारण त्यांच्या चेहऱ्यावर प्लास्टिकच्या जाळीचा साचा बसवावा लागे. रोज तो साचा घालून त्यांना टेबलाला जखडायचं आणि आम्ही सगळ्यांनी बाहेर येऊन जाड दार लावायचं. तोंडाने कितीही समजावलं तरी साचा बघितला की माणूस उठून बसायचा. म्हणून मी ठरवलं, सगळं आधीच चित्रात दाखवायचं.

पेशंट मीच झाले. स्टुडिओवाल्याला बोलावून अख्खा रोल संपवला, फोटो स्कॅन करून कॉम्प्युटरवर चढवले आणि त्यांच्यामागे माझ्या आवाजात माहिती भरली. माऊस दाबला की पुढचा फोटो. दारातून आत जाणारी मी, गळ्यात धातू नको म्हणून मंगळसूत्र आणि साच्यात येते म्हणून टिकली काढलेली मी, साच्याखाली झोपलेली मी, आणि शेवटी बंद झालेलं दार. डॉक्टरांनी शाबासकी दिली. असं पुण्यातसुद्धा कुणी केलं नसेल, हे मी घरी इतक्या वेळा ऐकवलं की नवऱ्याने कानात कापूस घालायची धमकी दिली.

पुरुष पेशंट ते बघून खरंच निवांत झोपायला लागले. बायका मात्र बघता बघता गप्प व्हायच्या आणि आत नेताना जास्तच रडायच्या. दोष मी त्यांनाच दिला. एवढं सोपं करून दाखवलं तरी यांच्या डोक्यात शिरत नाही, असं मी नर्सला म्हणालेही होते. आता त्याची लाज वाटते.

मग मिरजगावकडची एक मावशी आली. पन्नाशीची, जन्मभर दातांना तंबाखूची मिश्री लावलेली, गालाच्या आत गाठ. गाठ अजून लहान होती. आत्ता उपचार घेतले तर बरी होईल, घरी गेली तर पुढे काही करता येणार नाही, असं डॉक्टरांनी तिच्या नवऱ्याला स्पष्ट सांगितलं होतं. तिने माझे सगळे फोटो शेवटपर्यंत बघितले, पदर सारखा केला आणि नवऱ्याला म्हणाली, घरी चला. तो बिचारा एसटीची वेळ विचारायला निघाला.

माझं डोकं फिरलं. मी तिच्यासमोर स्टूल ओढून बसले आणि विचारलं, मशीनची भीती वाटते का? नाही. साच्याची? तीही नाही. ती माझ्या गळ्याकडे बघत राहिली; कामावर असताना मी मंगळसूत्र आणि टिकली काढूनच ठेवायचे. मग हळू आवाजात तिने विचारलं, "बाई, तुमचं मालक कवा वारलं?"

ते चांगले धडधाकट आहेत, असं मी जरा चढ्याच आवाजात सांगितलं. तिला ते काही पटलं नाही. तिने पडद्याकडे बोट केलं.

"आत जाताना गळ्यात हुतं. मग न्हाई. कपाळ बी मोकळं. आन् भाईर आल्याली तर तुमी दावलीच न्हाई." मग ती म्हणाली, "मी मेले तर मरू द्या. पर ह्यांच्या जिवावर उठनारं मशीन मला नगं."

एवढे फोटो काढले, पण बाहेर आलेल्या बाईचा फोटो काढायचं मला सुचलंच नव्हतं. काम संपलं की दार उघडतं, मंगळसूत्र परत गळ्यात जातं, हे मला रोजचं होतं. त्या बायकांना कुणी सांगितलं होतं?

एक दिवस थांबा, अशी मी तिच्या नवऱ्याच्या हातापाया पडून विनवणी केली. माझ्या नवऱ्याला कारखान्यातून अर्ध्या दिवसाची रजा काढून बोलावलं. कुंकू राहू दिलं तर चालेल का, हे डॉक्टरांना विचारलं; ते म्हणाले, साच्याला काय फरक पडतो. मग नवे फोटो काढले. मी मंगळसूत्र नवऱ्याच्या हातात देते, तो दाराबाहेर उभा राहतो, मी बाहेर येते आणि तो ते माझ्या गळ्यात घालतो. लग्नातसुद्धा तो इतका लाजला नव्हता. स्टुडिओवाल्याने त्याच संध्याकाळी रोल धुऊन दिला.

दुसऱ्या दिवशी मावशीने ते फोटो दोनदा बघितले. हे मालक खरंच तुमचेच का, असं विचारलं, तेव्हा मी नवऱ्याला पुन्हा बोलावून तिच्यासमोर उभं केलं. ती पहिल्यांदा हसली. मग तिने आपलं मंगळसूत्र काढून आपल्या माणसाच्या हातात दिलं आणि आत आली. साच्याखाली ती अजिबात हलली नाही. बाहेर आली तेव्हा गालांवर जाळीचे वळ होते आणि साच्याच्या कपाळाला आतून कुंकू लागलं होतं. तिच्या माणसाने इतक्या घाईने मंगळसूत्र गळ्यात घातलं की मणी तिच्या अंबाड्यात अडकले. ते सोडवून झाल्यावर ती मला म्हणाली, "आता आमचा बी काडा."

तो फोटो मी सगळ्यात शेवटी लावला आणि माझ्या नवऱ्याला कॉम्प्युटरमधून रजा दिली. मावशीने सगळे उपचार पुरे केले. मी त्या दिवसांत इतकी ऐटीत चालायचे की नर्स माझी नक्कल करायच्या.

पुढच्या वर्षी कर्जतकडची एक बाई नवऱ्याबरोबर आली, घशाची पेशंट, साचा बघूनच घरी निघाली होती. मी तिला कॉम्प्युटरपुढे बसवलं. शेवटचा फोटो आला तशी ती एकदम पुढे सरकली.

"ही? ही तर मिरजगावच्या बाजारात मेथी इकती. परवाच घेतली म्या हिच्याकडनं."

कॉम्प्युटरमधला माझा आवाज अजून बोलतच होता. तिने तो पुरता ऐकलाही नाही. मंगळसूत्र काढून नवऱ्याच्या हातात दिलं, उठली आणि मलाच म्हणाली, "चला."