वळसंगच्या चढावर सुटणारा गिअर

मी अक्कलकोटला निघालो ते बसाण्णाचा दोष बघायला. बसाण्णा सोलापुरात सुताच्या गाठी वाहणाऱ्या एका लॉरीवर ड्रायव्हर होता, साठीला टेकलेला. महिनाभर त्याच्या लॉरीचा तिसरा गिअर चढावर आपोआप सुटत होता, आणि समोरच्या तबकडीवरचे विजेचे आणि पेट्रोलचे काटे वेड्यासारखे नाचत होते. मी मोटारींचा मिस्त्री, ती लॉरी दुरुस्तीला माझ्याकडंच यायची. लॉरीच्या मालकांनी विचारलं तेव्हा मी सांगून मोकळा झालो होतो, "गाडी ठणठणीत आहे. म्हाताऱ्याचा हात गेला."

"मग एकदा संगं जाऊन या मिस्त्री. तुमी म्हणाल तर दुसरा मानूस ठिवतो," मालक म्हणाले.

पौषातली सकाळ होती. या रस्त्यानं जाणाऱ्यांनी कानाला फडकं गुंडाळावं. लॉरीला पुढं काच असली तरी बाजूनं वारा सुईसारखा शिरतो. कुंभारीपर्यंत रस्ता बरा आहे. पुढं खडी उखडलेली, आणि बैलगाड्यांच्या चाकोऱ्या इतक्या खोल की लॉरी आपसूक त्यांतच जाते. दोन्ही बाजूंना काळ्या रानात ज्वारी हुरड्याला आलेली.

बसाण्णा फार बोलत नव्हता. मी कशाला आलोय हे त्याला ठाऊक होतं. कुंभारी मागं पडल्यावर तोच म्हणाला, "मिस्त्री, काटा नाचला की गिअर सुटतो बघा. दोन्ही एकाच टायमाला."

"बसाण्णा, काटा तारेवर चालतो, गिअर दात्यांवर. त्यांचा काय संबंध?"

"ते मला काय ठावं? मी दिसतंय ते सांगतो की."

मी हसलो. त्या हसण्याची आठवण झाली की आजही मान खाली जाते.

वळसंगच्या अलीकडं एक ओढा लागतो. पाणी नव्हतं, पण पलीकडचा चढ उभा. बसाण्णानं तिसऱ्यात गाडी घातली. निम्म्यावर काटे थरथरले, गिअरचा दांडा खटकन मधे आला आणि गाठींनी भरलेली लॉरी मागं सरकू लागली. मागं एक बैलगाडी होती, तिच्यात बाया बसलेल्या. बसाण्णानं ब्रेक दाबला, तो पुरेना म्हणून हातातलं चाक वळवून लॉरीचा मागचा भाग बांधाच्या मातीला टेकवला. लॉरी थांबली. मागचा गाडीवान कानडीत ओरडला, बसाण्णानं त्याला कानडीतच शांत केलं. चाकावरचा बसाण्णाचा हात पक्का होता.

चाकांना दगड लावले. पायाखालची फळी मी उचलली आणि म्हणालो, "आता गिअर घालून क्लच सोडा, जरा जोर द्या."

त्यानं जोर दिला आणि गिअरची अख्खी पेटी वर उचलली गेली. दांडा फळीच्या खाचेला लागून मागं ढकलला जात होता. पेटीला गाडीच्या चौकटीशी धरणाऱ्या दोन बोल्टांपैकी एक गळून पडला होता, दुसऱ्याची चाकी, म्हणजे नट, सैल होती. बॅटरीची अर्थिंगची तार त्याच सैल बोल्टाखाली दाबलेली. पेटी हलली की तार सुटायची, काटे नाचायचे.

चाकी सुटू नये म्हणून बोल्टाच्या भोकात एक पिन घालतात. ते भोक रिकामं होतं. महिन्यापूर्वी क्लच बदलताना ही पेटी मीच बसवली होती.

मी त्या भोकावरनं बोट फिरवलं.

"काय झालं?" बसाण्णानं वाकून विचारलं.

"पिन मी घातली नाही. तुमचा काही दोष नाही."

त्यानं मागं जाऊन लॉरीची मागची पाडायची फळी चाचपली. मग म्हणाला, "मागच्या फाळक्याचा बोल्ट बसंल का बघा. फाळका दोरीनं बांदू."

बसला. पिनेऐवजी तारेचा तुकडा पिळून घातला. तो चढ आम्ही तिसऱ्यातच चढलो. काटे जागचे हलले नाहीत.

अक्कलकोटला गाठी उतरवल्या. पेठेत एका बाईकडं दोन आण्यांत पोटभर जेवण मिळतं: कडक भाकरी, शेंगांची चटणी, वर ताक. चटणीवर तेल मागून घ्या. मी मात्र चतकोरावरच थांबलो. बसाण्णानं माझ्या ताटात आणखी एक भाकरी ठेवली. "खावा. परतीला लई वेळ जातो."

संध्याकाळी सोलापुरात शिरताना तो म्हणाला, "मालकांना काय सांगनार?"

"झालं ते."

"गिऱ्हाईक जाईल तुमचं."

"जाईल."

मालक अंगणातच उभे होते. मी सगळं सांगितलं, बैलगाडीतल्या बायांसकट. ते लॉरीपाशी जाऊन दोरीनं बांधलेला फाळका बघून आले. मग बसाण्णाला म्हणाले, "उद्या येळेवर या." माझ्याकडं न बघता ते आत गेले.

त्या मालकांच्या गाड्या पुढं वर्षभर दुसऱ्या मिस्त्रीकडं गेल्या. तक्रार करायला मला तोंड नव्हतं. अक्कलकोटची पेठ, तिथला राजवाडा, यांतलं आता फारसं डोळ्यांपुढं येत नाही. येतो तो वळसंगचा चढ, आणि मागं सरकणाऱ्या लॉरीत माझ्या शेजारी शांत बसलेला माणूस. त्यानंतर कुणी ड्रायव्हर गाडी घेऊन आला की मी आधी हत्यार उचलत नाही. त्याला बसायला सांगतो आणि विचारतो, "तुम्हाला काय दिसलं?"