हुंगून घेतलेली बादली

कुणावर लिहावं इतकं माझं वय नाही, वाचनही नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे चुकलं तर सांगायलाही कोणी नाही. आधीच माफी मागतो. पण माझ्या मोठ्या मामाइतका संशयी माणूस मांडव्यापासून श्रीवर्धनपर्यंत मिळायचा नाही, एवढं खात्रीने लिहितो. बोटीची वेळ तो तिघांना विचारतो आणि चौथ्याचं ऐकतो. मासळी घेताना खालचा बर्फसुद्धा उलटून बघतो. पण त्याचा खरा संशय शेणावर. त्याच्या परसात गोबरगॅसची टाकी आहे. त्याच्या गाईचं शेण पुरत नाही म्हणून आमच्या गाईचंही आई रोज तिकडे पाठवते, बदल्यात टाकीतून निघालेली पातळ स्लरी खत म्हणून आमच्या पांढऱ्या कांद्याला मिळते. मामा बादली हुंगतो आणि विचारतो, "इंजेक्शन न्हाय ना दिलं?" जनावराचं औषध शेणात उतरतं, टाकीतले गॅस करणारे जंतू मारतं, उरलेलं स्लरीतून कांद्यात जातं, असं त्याचं म्हणणं. लोक हसायचे. पुढे वर्गात सरांनी जवळपास हेच शिकवलं, तेव्हा मी वहीत लिहायचं विसरून मामाचाच विचार करत बसलो.

गेल्या दिवाळीत त्याच्या शेगडीची ज्योत बारीक झाली. त्याने आमची बादली दारातूनच परत पाठवली. "बाय, तुझ्या गाईला सुई टोचलीय."

"मी खोटं बोलीन व्हय, दादा?" आई म्हणाली, आणि आयुष्यात पहिल्यांदा भाऊबीजेला ओवाळायला गेली नाही.

मला राहवेना. त्याच आठवड्यात दोन्ही गोठ्यांतलं शेण बाटल्यांत भरून मी सरांकडे न्यायला निघालो. मामाने झाकणांना दोरा गुंडाळून वर मेण ओतलं. भाचा असलो तरी मी आईचाच मुलगा. सरांनी बाटल्या बाहेर तपासायला पाठवल्या. बऱ्याच दिवसांनी अहवाल आला. आमच्या बाटलीत काही नव्हतं. औषध मामाच्या बाटलीत होतं.

मी मामाच्या ओटीवर उभा राहून तो अडखळत वाचला. मेण शाबूत होतं का, हे मामाने दोनदा विचारलं. तेवढ्यात मामी आतून आली. "गाईची कास दगडासारखी झालेली. तुमी अलिबागला गेलेलात तवा मीच डॉक्टरला बोलावला."

"मग मला सांगायचं न्हाय?"

"सांगितलं असतं तर सुई टोचू दिली असती?"

मामाने अहवालाची घडी घातली. सगळ्या जगावर संशय घेताना घरातलं माणूस तेवढं राहून गेलं होतं. संध्याकाळी तो रिकामी बादली घेऊन आमच्या दारात उभा राहिला. आईने आधी निरांजन पेटवलं, मग ती गोठ्यात गेली.

आता मी पनवेलला शिकतो. काल आईचा फोन आला. मामी औषध दिलेल्या गाईचं शेण सांगून वेगळं काढते. आणि मामा आमची बादली हल्ली न हुंगताच टाकीत ओततो. आई खुशीत होती, मीही बरं झालं म्हटलं. पण फोन ठेवल्यावर वाटत राहिलं, त्याने निदान एकदा तरी हुंगावी.