मेलच्या तळाची ओळ

निकितानं ती ओळ खरोखरच चुकून ठेवली का, हा प्रश्न पुष्पावतीचा पिच्छा सोडत नव्हता. सकाळी पाणी भरताना तोच, दुपारी बाजरी निवडताना तोच. चुकून राहिली असेल, तर गॅस बंद केलाय का हे बघायला अर्ध्या जिन्यातून परत फिरणाऱ्या पोरीचं चित्त आता थाऱ्यावर राहिलेलं नाही. आणि मुद्दाम ठेवली असेल, तर... त्या 'तर'च्या पुढे पुष्पावतीचं मन जायला तयार नसे. ते तिथंच पाय मुडपून बसे.

निकिता तिची एकुलती एक. वाढली तिसगावात, बापाच्या दुकानात. बापाचं नाव कल्याण. त्याचं काम म्हणजे शेतकऱ्यांच्या पाण्याच्या जळालेल्या मोटारींत नव्यानं तार भरून द्यायचं. मोटारीचे सुटे भाग गिऱ्हाइकं जुन्या वर्तमानपत्रात बांधून आणायची. बापाच्या हाती भाग आणि पोरीच्या हाती कागद, असा दोघांचा वाटा ठरलेला. तेलाच्या डागांमधून जेवढी गोष्ट वाचता येईल तेवढी ती वाचायची आणि उरलेली रात्री आईला रचून सांगायची. "पुढं काय झालं असेल, सांग बरं," हे तिचं पालुपद. पुष्पावतीही लग्नाआधी बी.ए. झालेली. पण पोरीनं रचलेला शेवट तिला एकदाही आधी ओळखता आला नाही.

पाथर्डीला बी.ए., नगरला एम.ए. झाल्यावर निकिता एका पुस्तक प्रदर्शनात चार दिवसांच्या कामावर उभी राहिली. स्टॉल नगरच्याच एका प्रकाशनाचा होता. पुस्तक उचलणाऱ्या माणसाला ती त्यातली गोष्ट अशी काही अर्ध्यावर आणून सोडायची, की तो पुस्तक खाली ठेवायचा नाही. प्रकाशनाचे मालक वैजनाथराव मागच्या खुर्चीत बसून ऐकत होते. शेवटच्या दिवशी म्हणाले, "बाई, तू बोलतेस तसंच लिहायचं. मी ते लोकांच्या मेलवर पाठवतो. महिन्याला एक बातमीपत्र."

गावात ही नोकरी समजावून सांगणं सोपं नव्हतं. शेजारच्या लंकाबाईनं ओट्यावर बसून पुरती चौकशी केली.

"म्हंजी पोस्टात लागली का पोरगी?"

"नाही हो. मोबाईलवर पत्रं लिहिते. पुस्तकं वाचणाऱ्यांना."

"वळखीचे हायेत का तिच्या?"

"नाहीत."

"वळख न्हाई, पाळख न्हाई, अन् लोकं वाचत्यात?"

"वाचतात की."

"मंग माज्या जावयाला बी एक धाड म्हनावं. लगीन झाल्यापून त्याला सासूला फोन कराया येळ न्हाई."

निकिताला हे सांगितलं तेव्हा ती इतकी हसली, की पुष्पावतीला फोन कानापासून लांब धरावा लागला.

सावेडीतल्या तिच्या भाड्याच्या खोलीत भिंतीवर एक तक्ता होता. पुढच्या तीन महिन्यांची बातमीपत्रं त्यावर आधीच मांडलेली असायची. जूनला शाळा उघडतात, म्हणून मुलांची पुस्तकं. दिवाळीच्या आधी अंक. कांद्याचे पैसे हातात येतात तेव्हा कोणतं जाड पुस्तक पुढं करायचं, याचासुद्धा ती विचार करायची. त्यावर वैजनाथराव हसायचे, पण ऐकायचे. आधी पुस्तक पूर्ण वाचायचं, मग त्यातला उतारा निवडायचा. मुखपृष्ठाचं चित्र एवढंच जड ठेवायचं, की रेंज नसलेल्या गावातही ते उघडेल. विषयाची ओळ दहा वेळा लिहून नऊ वेळा खोडायची. आणि सगळं जुळलं की चाचणीचा मेल एकट्या आईला.

"तू अडखळलीस की वाचक अडखळणार," असं ती म्हणायची. पुष्पावती चुलीपाशी, नाहीतर दुकानाच्या पायरीवर बसून तो मेल वाचायची आणि कुठं वाक्य लांबलं, कुठं शब्द टोचला ते कळवायची. शेवटी लिहायची, 'वाचलं. पाठव.' हे दोन शब्द आल्याशिवाय निकितानं बातमीपत्र कधी सोडलं नाही. एकदा वादळानं तिसगावची रेंज गेली, तर वाचकांचा मेल संध्याकाळपर्यंत थांबला आणि तिनं मालकाची बोलणी खाल्ली.

चाचणीच्या मेलमध्ये एक गोष्ट फक्त आईसाठी असे. सगळ्यात तळाला, प्रकाशनाच्या पत्त्याखाली 'हे मेल नको असल्यास इथे दाबा' असं लिहिलेलं असतं, त्याच्याही खाली बारीक करड्या अक्षरांत एखादी ओळ. 'आई, घरमालकिणीच्या मांजरीला पिल्लं झाली, माझ्याच उशीवर.' 'आई, भरीत जमलं नाही, धूर मात्र जमला.' पुष्पावती उत्तरात लिहायची, 'वांग्याला आधी टोचे मारत जा. दुसऱ्या परिच्छेदात अडखळले. वाचलं. पाठव.' मग निकिता ती करडी ओळ पुसायची आणि बातमीपत्र हजारो लोकांकडं जायचं. त्या हजारोंना मांजरीचा पत्ता नसायचा. पुष्पावतीला याचं मोठं अप्रूप होतं.

मग वैजनाथरावांनी आपोआप मजकूर लिहून देणारी एआयची मशीन घेतली. "आता लिहायचं काम मशीनचं. तू नुसतं नजरेखालून घाल," ते म्हणाले. महिन्याला एका पुस्तकाऐवजी नऊ पुस्तकं जाऊ लागली. निकिताला त्यातलं एकही वाचायला वेळ मिळेना. मेल कुणी उघडला हे तिला दिसायचं. "न उघडणारेच जास्त दिसतात गं," ती एकदा फोनवर म्हणाली. पूर्वी श्रीगोंद्याहून, राहात्याहून कुणी ना कुणी उत्तर लिहायचं, पुस्तकावर चार शब्द बोलायचं. तेही आटलं.

तळाच्या ओळी बदलल्या. 'आई, आज दिवसभर कुणाशी बोलले नाही, हे आत्ता लक्षात आलं.' पुष्पावतीनं लिहिलं, 'वेळेवर जेवत जा.' 'आई, मी न वाचलेल्या पुस्तकाला आवर्जून वाचावं असं म्हटलं.' पुष्पावतीनं लिहिलं, 'सगळ्याच नोकऱ्यांत असं असतं. मनाला लावून घेऊ नको.' मशीनच्या मजकुरात अडखळायला काही नसायचं. गुळगुळीत. बोट खाली सरकवत नेलं की मेल संपायचा. पुढं पुढं पुष्पावती तो शेवटपर्यंत सरकवायचीही नाही.

त्या गुरुवारी दिराच्या मुलीचा साखरपुडा होता. पुष्पावती चुलीवरचं पुरण ढवळत होती, आणि मागून जाऊबाई ओरडत होती, "वहिनी, तुमची लेक मोबाईलवर कामं करती अन् तुमी मोबाईल बघून पुरण लावून टाकताय!" बायका हसल्या. पुष्पावतीही हसली. पदराला बोट पुसून तिनं मेल उघडला, वरची रंगीत मुखपृष्ठं बघितली, आणि लिहिलं, 'वाचलं. पाठव.'

रविवारी सकाळी राहात्याहून तिच्या भाच्याचा, हर्षलचा फोन आला. निकिताच्या आग्रहानं तोही ते बातमीपत्र मागवायचा, आणि या महिन्याचं त्या सकाळीच वाचकांकडं गेलं होतं.

"आत्या, निकिताचा मेल बघितला का?"

"बघितला की. गुरुवारीच."

"खालपर्यंत?"

पुष्पावतीला वरची रंगीत मुखपृष्ठं तेवढी आठवली.

"खालपर्यंत बघ आत्या. मग तिला फोन कर."

तिनं अंगणात उभं राहून बोट सरकवलं. नऊ पुस्तकं गेली. सवलतीचा चौकोन गेला. पत्ता, अहिल्यानगर, पिन कोड. हे मेल नको असल्यास इथे दाबा. आणि त्याखाली बारीक करड्या अक्षरांत: 'आई, तीन महिन्यांचा तक्ता भरायचा आहे. हात चालत नाही. मला पुढचा महिनाच दिसत नाही.'

ही ओळ त्या क्षणी हजारो फोनांत होती.

तिनं लगेच फोन लावला. निकितानं उचलला. आवाज सपाट होता, इस्त्री फिरवल्यासारखा. "चुकून राहिलं गं. काढायचं विसरले."

"घरी ये."

"नको. इथंच बरं आहे."

"जेवलीस का?"

"जेवले." मग जराशानं ती हसल्यासारखं करून म्हणाली, "आई, इतकी उत्तरं आजवर कधी आली नव्हती. दोघांनी विचारलंय, पुढच्या महिन्यात सवलत असणार की नाही."

वैजनाथरावांनी तांत्रिक चुकीबद्दल दिलगिरीचा मेल पाठवला आणि तिला काही दिवस घरी बसायला सांगितलं. तिला बोलले नाहीत, ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं, असं पुष्पावतीला वाटलं.

कल्याणला तिनं सगळं सांगितलं. तो मोटारीत तार भरत होता. हात न थांबवता म्हणाला, "पोरगी म्हनती ना चुकून ऱ्हायलं? मंग चुकूनच."

"ती विसरत नाही हो काही."

"मानूस हाय. मी बी परवा एका मोटारीत दोन वेढे कमी भरले."

"तुमच्या मोटारीनं मला पुढचा महिना दिसत नाही असं लिहून पाठवलं का?"

कल्याणचे हात थांबले. त्यानं तार गुंडाळून ठेवली. त्या दिवशी त्यानं दुकान लवकर बंद केलं. पण घरी येऊन काय करायचं हे त्यालाही माहीत नव्हतं. अंगणातल्या नळाची गळती काढत बसला.

पुष्पावतीला खरी धग लागली ती नंतर, आणि तीही ताक घुसळताना. रवी हातातच राहिली. निकितानं गुरुवारी ती ओळ लिहिली, आईला पाठवली आणि वाट बघितली. आणि आईचं उत्तर गेलं: 'वाचलं. पाठव.'

पोरीनं काय समजायचं? आईनं पुढचा महिना दिसत नाही हे वाचलं, आणि म्हणाली पाठव. ना 'जेवत जा', ना 'मनाला लावून घेऊ नको'. मग पुसायचं तरी कुणासाठी? कदाचित ती ओळ तिनं मुद्दाम ठेवली नसेल. विसरलीही नसेल. आईनं वाचून पाठव म्हटलं, म्हणून पाठवली असेल. जशीच्या तशी.

त्यानंतर पुष्पावतीनं रोज फोन केला. रोज 'जेवलीस का' आणि रोज 'जेवले'. एकदाही निकितानं विचारलं नाही, आई, तू ते वाचलं होतंस ना? न विचारण्यातच सगळं होतं. आणि पुष्पावतीच्या तोंडून निघत नव्हतं, की नव्हतं वाचलं. ते सांगायचं तर त्याआधीचेही कितीतरी मेल न वाचता 'वाचलं' म्हटल्याचं सांगावं लागणार. वाचून गप्प राहणारी आई वाईट, की न वाचता वाचलं म्हणणारी? रोज ती मनात दोघींना समोरासमोर उभं करी, आणि दोघीही माना खाली घालून उभ्या राहत.

पोरगी हळूहळू लांब चालली होती. फोन चौथ्या-पाचव्या वेळेला उचलू लागली. एकदा म्हणाली, "तक्ता काढून टाकला भिंतीवरचा. उगाच धूळ बसते." पुष्पावती म्हणाली, "बरं केलंस." फोन ठेवल्यावर तिला स्वतःच्याच तोंडात मारून घ्यावंसं वाटलं.

महिना असा सरला. पुन्हा रविवार आला. पुष्पावती तुळशीला पाणी घालत असताना फोन वाजला. बातमीपत्र आलं होतं. चाचणीचा मेल आलाच नव्हता, सरळ वाचकांचाच. तिनं तिथंच ओल्या हातानं ते उघडलं आणि एकेक शब्द वाचला. कुठंही अडखळायला झालं नाही. एकही वाक्य लांबलं नव्हतं, एकही शब्द टोचला नाही. नऊ पुस्तकं. सवलत. पत्ता. हे मेल नको असल्यास इथे दाबा.

त्याखाली काही नव्हतं. तिनं बोट आणखी सरकवलं. पांढरी जागा थोडी वर आली आणि परत खाली गेली. तिनं पुन्हा सरकवलं, आणखी एकदा.

पोरीला जो पुढचा महिना दिसत नव्हता तो आला होता, आणि त्यात ती नव्हती.

कल्याण दारात उभा होता. त्यानं बायकोचा चेहरा बघितला.

"काय झालं?"

"नगरची गाडी कितीला आहे?"

"एक गेली आत्ता. दुसरी येईल घटकाभरात. मी बी येतो. दुकान ऱ्हाऊ दे."

"कपडे बदला तोवर. मला एक फोन करायचाय."

"मंग कर की. रोजच करती."

"रोज करते तो नाही."

ती पायरीवर बसली. जेवलीस का, हे आज विचारायचं नाही, एवढं तिनं ठरवलं. पहिलं वाक्य म्हणायचं ते एकच: निकिता, मी ते वाचलं नव्हतं. पोरगी रडेल, चिडेल, कदाचित म्हणेल, म्हणजे तेसुद्धा वाचलं नाहीस? फोन आपटला तर स्टँडवरून पुन्हा लावायचा. करंजीच्या घाटात रेंज जाते, तिथं थांबायचं. घाट उतरल्यावर परत लावायचा. आणि उचललाच नाही, तर सावेडीच्या त्या जिन्यात उभं राहून दाराबाहेरून सांगायचं.

तिनं हात पदराला पुसले, आणि निकिताच्या नावावर बोट ठेवलं.